उत्तर देणारा प्रेक्षक

पँटोमाइमबद्दल आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे. मूक अभिनयाला भाषा लागत नाही, म्हणून तो जगात कुठेही आणि कुणालाही कळतो, असे आपण मानतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मूकनाट्य सुरू होण्याआधी निवेदक हमखास हेच सांगतो. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसताना मला सगळ्यात आधी या समजुतीशी भांडायचे आहे. तिच्यामुळे आपण या कलेकडे चुकीच्या बाजूने पाहतो आणि आपल्या दारातली तिची भावंडे आपल्याला ओळखूच येत नाहीत.

चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत राहणाऱ्या ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने एक आठवण नोंदवली आहे. कार्थेज शहरात मूक नर्तक प्रथम नाचू लागले, तेव्हा रंगमंचावर काय चालले आहे हे लोकांना ओरडून सांगायला एक पुकाऱ्या ठेवावा लागे. तो काळ आठवणारी म्हातारी माणसे ऑगस्टीनच्या वेळीही हयात होती. तो पुढे असेही म्हणतो की, अजूनही एखादा अनोळखी माणूस नाटकघरात गेला आणि शेजारच्याने त्याला खुणांचा अर्थ समजावला नाही, तर त्याचे पाहणे फुकट जाते. ऑगस्टीन नाटकाचा चाहता नव्हता, त्याला त्या कलेचा गौरव करायचा नव्हता, म्हणून ही साक्ष मला फार मोलाची वाटते. देहाच्या खुणा शिकाव्या लागतात, आणि त्या शिकवणारे गाव आजूबाजूला असावे लागते, एवढे त्यातून निश्चित कळते.

रोममध्ये हा प्रकार बहरला तो सम्राट ऑगस्टसच्या काळात. इ.स.पू. २२ हे वर्ष त्यासाठी सांगितले जाते. सिलिशियाचा पिलाडीस आणि अलेक्झांड्रियाचा बॅथिलस ही दोन नावे त्याच्या उगमाशी जोडलेली आहेत. पहिल्याचा ओढा गंभीर कथांकडे, दुसऱ्याचा हलक्याफुलक्या कथांकडे. एकच नर्तक, त्याच्या चेहऱ्यावर ओठ मिटलेला मुखवटा, मागे गाणारा वृंद आणि वाद्ये. तोच नर्तक मुखवटे बदलत देव होई, प्रेयसी होई, शत्रू होई. लोक या नटांवर इतके फिदा होते की त्यांच्या चाहत्यांच्या दंगली होत. टायबेरियस सम्राटाने इ.स. २३ मध्ये नटांना इटलीबाहेर घालवले, तरीही ते परत आलेच.

लुशियन या ग्रीक लेखकाने नृत्यावर लिहिलेल्या संवादात नीरोच्या दरबारातली एक हकिकत आहे. पाँटसकडचा एक राजपुत्र रोममध्ये आला होता. त्याला वृंदाची गाणी कळत नव्हती, पण नर्तकाचा अभिनय कळला. निघताना नीरोने त्याला काय हवे ते मागायला सांगितले, तेव्हा त्याने तो नर्तकच मागितला. आमच्या शेजारच्या टोळ्यांची भाषा आम्हाला येत नाही, हा माणूस दुभाषा म्हणून उपयोगी पडेल, असे त्याचे म्हणणे. ‘मूक अभिनयाला भाषा लागत नाही’ म्हणणारे सगळे जण या गोष्टीचा आधार घेतात. त्याच लुशियनने त्याच संवादात नर्तकाकडून काय अपेक्षा केली आहे, ते मात्र ते सांगत नाहीत. सृष्टीच्या आरंभापासून ते इजिप्तच्या क्लिओपात्रापर्यंतच्या सगळ्या कथा नर्तकाला तोंडपाठ हव्यात, असे लुशियन बजावतो. आणि तो राजपुत्र, अर्धवट का होईना, ग्रीक वळणाचाच होता. गाण्याचे शब्द त्याला परके असतील, त्यामागची गोष्ट बहुधा नसावी.

माझे या प्रस्तावनेतले म्हणणे एवढेच आहे. न बोलता कळते, कारण गोष्ट आधीपासून दोघांची असते, नटाचीही आणि पाहणाऱ्याचीही. पँटोमाइमच्या साऱ्या परंपरा मी या एका प्रश्नाने तपासतो : कोणती गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक होती?

आपल्या भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आंगिकाचा पसारा पाहिला की थक्क व्हायला होते. मस्तकाच्या १३ हालचाली, दृष्टीचे ३६ प्रकार, एका हाताच्या २४ मुद्रा, दोन्ही हातांच्या १३. शास्त्र एवढी बारीक वर्गवारी करते, कारण पाहणाराही तिचा जाणकार असेल असे ते गृहीत धरते.

युरोपात रोमन परंपरा विरली. सोळाव्या शतकात इटलीत ‘कोमेदिया देल्लार्ते’ उभी राहिली ती ठरलेल्या पात्रांवर : कंजूष म्हातारा पांतालोने, चपळ नोकर आर्लेकिनो, चतुर कोलोंबिना. पात्राने रंगमंचावर पाय ठेवताच त्याचा स्वभाव लोकांना कळे, पुढचे संवाद नट जागच्या जागी रचत. याच मंडळींच्या वंशजांनी इंग्लंडचे पँटोमाइम घडवले. लंडनमध्ये १७१७ च्या सुमारास जॉन रिच हार्लेक्विन, म्हणजे इंग्रजी आर्लेकिनो, म्हणून न बोलता उभा राहू लागला. पुढे जोसेफ ग्रिमाल्डीने विदूषकाला इतके उंच नेले की हार्लेक्विन मागे पडला. १८०६ च्या नाताळात कॉव्हेंट गार्डनमध्ये झालेले ‘हार्लेक्विन अँड मदर गूज’ हे त्याच्या यशाचे शिखर.

मूक अभिनयाच्या या वाढीमागे कायद्याचाही हात होता, हे विसरू नये. लंडनमध्ये संवादांचे नाटक करण्याचा परवाना दोनच नाट्यगृहांच्या हाती होता आणि १७३७ च्या कायद्याने तो मक्ता आणखी घट्ट केला. बाकीच्यांनी गाणे, नाच, कसरत आणि मुका अभिनय यांवर पोट भरायचे. पॅरिसमध्ये ‘फ्युनाम्बुल’ या छोट्या नाट्यगृहातही बोलायला बंदी होती, त्यातूनच देब्युरो या नटाचा पांढऱ्या चेहऱ्याचा पिएरो जन्मला. आज आपल्या मुलांना माइम म्हणून जो रंगवलेला चेहरा लावतात, त्याचे मूळ तिथे आहे, एका सरकारी मनाईत. मार्सेल मार्सो या फ्रेंच माइम नटाचे ‘बिप’ हे पात्र तर १९४७ मधले.

लंडनचा मक्ता १८४३ मध्ये कायद्याने संपला आणि पँटोमाइमला वाचा फुटली. नेमक्या त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे, पात्रे आवेशाने हालचाली करत, बोलणे बरेचसे आयत्या वेळचे, आणि विदूषक मध्ये मध्ये लुडबुड करी. सीतेचे लग्न कुणाशी होणार हे सांगलीच्या प्रेक्षकांत कुणाला ठाऊक नव्हते? त्या बळावर तर हे सगळे पेलले.

वाचा फुटल्यावरही इंग्रजी पँटोमाइमने जुनी खूण सोडली नाही. सिंड्रेला, अलादिन, जॅक आणि त्याचा वेल : गोष्टी त्याच, पाळण्यापासून ऐकलेल्या. नाताळचा हंगाम, सगळे कुटुंब नाटकघरात. त्यात पुरुषाने केलेली एक धिप्पाड बाई असते, तिला ‘डेम’ म्हणतात. खलनायक मागून येऊ लागला की ‘तुझ्या मागे बघ!’ म्हणून अख्खे नाट्यगृह ओरडते. त्या वर्षीच्या राजकारणावर कोपरखळ्या असतात. गोष्ट पाठ असल्यामुळेच प्रेक्षकाला एवढी सवड मिळते. पुढे काय होणार याची चिंता नसल्याने तो नटाशी बोलू शकतो.

ही डेम आपल्याला परकी नाही. तमाशाच्या गवळणीतली मावशी आठवा. पदर डोक्यावरून ओढून, कंबरेवर हात ठेवून कृष्णाला आणि पेंद्याला फैलावर घेणारी ती मावशी पुरुषच करतो, आणि तो पुरुष आहे हे कुणी लपवत नाही. गंमत त्यातच असते. बालगंधर्वांची गोष्ट वेगळी. त्यांच्या शालूची, अंबाड्याची नक्कल घरंदाज बायका करत, कारण तिथे भास पुरा होता. आमच्या विदर्भातल्या खडी गंमतीतला नाच्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. तो कधी मावशीसारखा टवाळ, तर लावणीच्या वेळी इतका लोभस की समोरचे म्हातारेही गप्प होतात. या मधल्या जागेवर उभे राहण्यासाठी त्या माणसाला गावात, सोयऱ्याधायऱ्यांत काय सोसावे लागते, याबद्दल आपल्या नाट्यसमीक्षेने फार थोडे लिहिले आहे.

खडी गंमत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झांज, नाच्या, विनोदी सोंगाड्या, सगळे रात्रभर उभे. पडदा नाही, विंग नाही, नेपथ्य नाही. गण होतो, गवळण होते, लावण्या आणि सवाल-जवाब होतात, मग बतावणीत गावचा सरपंच, सावकार, तलाठी यांची खैर नसते. नगर नसले तरी नगर दिसते, नदी नसली तरी धोतराचा सोगा वर धरून नट ती ओलांडतो. समोरचा कुणीतरी ‘पाणी खोल हाय भाऊ, जपून!’ म्हणतो, आणि नट तिथेच थबकून त्याला उत्तर देतो. इंग्लंडातले ते ओरडणे आणि हे, दोन्ही एकाच कुळातले. मला तर आपले अधिक आवडते, कारण इथे काय ओरडायचे हे आधी ठरलेले नसते.

ही कला पायी चालत दूरवर गेली. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोचली, १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपुरात बसून कारभार पाहत होते. मराठ्यांच्या छावण्यांतली गंमत तिकडच्या लोकांनी उचलली आणि त्यातून ‘नाचा’ घडला, असे अनेक अभ्यासक मानतात. जुन्या नाचाला तिकडे ‘खडे साज’ म्हणत, कारण वादक उभे राहून वाजवत. परी म्हणजे स्त्रीवेषातला नट, आणि जोक्कड म्हणजे विदूषक. राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या दाऊ दुलारसिंह मंदराजींनी १९२८ मध्ये आपली नाचा मंडळी बांधली आणि या खेळाला नवे वळण दिले.

आणि इथे नागपूरचा एक विद्यार्थी कथेत येतो. रायपूरचे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर शिकले ते इथल्या मॉरिस कॉलेजात. पुढे १९५५ मध्ये ते लंडनच्या नाट्यशाळेत गेले, परत आल्यावर १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाड़ी’साठी त्यांनी छत्तीसगडचे सहा लोकनट घेतले. मग वर्षानुवर्षे त्यांना एक कोडे सुटेना. गावात वाऱ्यासारखी फिरणारी ही माणसे आपल्या नाटकात अवघडून का जातात? त्यांना दोन गोष्टी उमगल्या. एक, आपण त्यांना शहरी पद्धतीने अमुक ठिकाणी उभे राहा, तमुक ठिकाणी वळा, असे बांधतो आहोत. दुसरी, आपण त्यांच्या तोंडी हिंदी घालतो आहोत. छत्तीसगडी बोलू दिल्यावर त्यांचे देह मोकळे झाले. १९७५ चे ‘चरणदास चोर’ त्या मोकळेपणातून आले आणि १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात गौरवले गेले. तिथल्या प्रेक्षकांना छत्तीसगडी येत नव्हती, हे खरे. पण खरे बोलण्याचा नवस करून बसलेल्या चोराची गोष्ट कुणालाही आपली करून घेता येते. जीभ बांधली की हातपायही बांधले जातात, हे तन्वीरांचे निरीक्षण माइम शिकवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे मला वाटते. मूक नटाच्या देहातही त्याची बोली असते.

नागपुरात तर वर्षातून एकदा अख्खे शहर या नाटकात उतरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी बाकाबाई, असे परंपरा सांगते. सोबत बडगे असतात : महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जो राग असेल त्याचा बडगा. पुतळे मुके आहेत. बोलते ती गर्दी. रोगराई, इडापिडा घेऊन जा, असे मारबतीला बजावत हजारो माणसे इतवारी-महालच्या रस्त्यांवरून चालतात आणि शेवटी पुतळे जाळतात. संशोधक याला उत्सव म्हणतील, विधी म्हणतील. मला त्यात नट आणि प्रेक्षक यांची अदलाबदल झालेली दिसते, म्हणून या विषयाच्या पुस्तकात मारबतीला हक्काची जागा हवी. पालघर-नाशिककडच्या मोखाडा, जव्हार भागात बोहाड्याची सोंगेही अशीच येतात. लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचा भला मोठा मुखवटा, संबळ आणि सनईचा ताल, रात्र, आणि एकेक सोंग नाचत पुढे सरकते. गणपती, नरसिंह, भस्मासुर. मुखवट्याआडून कुणी बोलत नाही आणि कुणाला काही विचारावे लागत नाही.

आता मी जिथे राहतो त्या जरीपटक्याबद्दल. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी उत्तर नागपुरातला हा भाग वसवला. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, झुलेलालचा बहराणा निघतो, ढोल-शहनाईवर पुरुषमंडळी टिपऱ्या घेऊन छेज खेळतात, ते इथल्या मराठी माणसांनीही दरवर्षी पाहिलेले असते. पण या लोकांनी सिंधमधून आणखी एक गोष्ट उराशी धरून आणली, तिच्याकडे आम्हा शेजाऱ्यांचे लक्ष फारसे गेले नाही. ती म्हणजे भगत.

भगत हे नाव कलेचेही आणि कलावंताचेही. पायघोळ जामा, डोक्याला पगडी, पायात घुंगरू. मोकळ्या मैदानात रात्री तो उभा राहतो, गातो, नाचतो, मध्येच थांबून गोष्ट सांगतो, साथीदार ओळ उचलून धरतात. ससुई-पुन्हू, उमर-मारुई, लीला-चनेसर अशा प्रेमकथा, आणि भजनेही. तोच ससुई होतो, तोच पुन्हूचा भाऊ होतो, आणि एका गिरकीत परत भगत होतो. तेव्हाच्या सक्कर जिल्ह्यातल्या जरवारचे संत कंवरराम हे या परंपरेतले सर्वांत आदराचे नाव. जन्म १८८५ चा. लोक जे देत ते ते झोळीत घेत आणि गरजूंना वाटून टाकत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक रेल्वे स्टेशनावर त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. आजही सिंधी घरांत त्यांचे चित्र देवांच्या ओळीत असते.

सीमेपलीकडे घर, जमीन, दुकान राहून गेले. भगत मात्र माणसांबरोबर येऊ शकला, कारण त्याला कपडे आणि घुंगरू यांपलीकडे काही लागत नव्हते. पहिल्या पिढीत त्याला प्रेक्षकही मिळाला. पुन्हूला पळवून नेणाऱ्या उंटांच्या पावलांमागे ससुई वाळवंटात धावू लागली की समोरच्या आज्या डोळ्यांना पदर लावत, कारण त्या वाळूला त्यांचे पाय लागलेले होते. सिंधीला १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, हा मोठा सन्मान होता, पण घरातली मुले तोवर हिंदी आणि इंग्रजी शाळांत बसली होती. आज इथल्या अनेक तरुणांना सिंधी कानाने कळते, वाचता येत नाही, आणि ससुई कोण हे विचारले तर ते आजीकडे बोट दाखवतात. भगताचा देह अजून तेच हावभाव करू शकेल. समोरून उत्तर येईनासे झाले आहे. कार्थेजच्या पुकाऱ्याची गरज इथे उलट्या दिशेने पडू लागली आहे, आणि याचे मला मनापासून दुःख आहे.

याच्या अगदी उलट चित्र पाहायचे तर नागपूरहून पूर्वेला जावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे त्याचे केंद्र, तिथे नाट्यमंडळांची कार्यालये थाटलेली आहेत. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, अशी जुनी जोडी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या या शर्यती थांबल्या, पुढे २०२३ मध्ये त्यांना न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली. नाटक मात्र त्यामुळे थांबले नाही. धान निघालेले असते, लेकी-जावई गावात आलेले असतात, पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या नाटकांच्या पोटात जुनी दंडार आहे. गावातल्याच शेतकऱ्या-मजुरांनी, पुरुषांनीच स्त्रीवेष घेऊन, ढोलकीच्या तालावर केलेला तो खेळ. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी जी धडपड केली, तिच्यामुळे या भागाच्या बोलीकडे आणि कलांकडे अभ्यासकांची नजर वळली. झाडीपट्टीतही दंडार आता मागे पडते आहे, नाटकाने तिची रात्र घेतली आहे. तरी प्रेक्षक जागचा हललेला नाही, म्हणून मला तिथे आशा वाटते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तिथल्या महोत्सवांत या कला दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत दिसतात. त्याने नाव टिकते, कलावंताला मानधन मिळते, दोन्ही हवेच. पण रात्रभर चालणाऱ्या खेळाचा प्राण नट आणि गाव यांच्या संवादात असतो, आणि तो पंधरा मिनिटांत जागा होत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या रचनेबद्दल एक विनंती. शिक्षकांनी आणि नाट्यशिबिरे घेणाऱ्यांनी ते शेवटून उघडू नये. काचेची भिंत, अदृश्य दोर, वाऱ्याविरुद्ध चालणे हे व्यायाम शेवटी आहेत, आणि ते जाणूनबुजून शेवटी ठेवले आहेत. आधी गोष्टींचे प्रकरण आहे. जरीपटका-इंदोऱ्याच्या वर्गात एका बाकावर सिंधी, मराठी, हिंदी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांना ससुई-पुन्हू पूर्ण सांगा, भस्मासुर सांगा, मारबत कुणाची आणि का निघते ते सांगा. एखाद्या मुलाच्या आजीला वर्गात बोलवा आणि तिच्या भाषेत सांगू द्या, कळले नाही तर मुलांना विचारू द्या. मग एका मुलीला मधोमध उभे करा आणि उंटांची पावले शोधायला लावा. बाकीच्यांना गप्प बसायला सांगू नका. ती चुकीच्या दिशेला निघाली तर ती मुले ओरडतील.

— जरीपटका, नागपूर